मण्याची फेझंट टेल निम्फ: पहिल्यांदा फ्लाय बांधायला बसणाऱ्यांसाठी

फ्लाय म्हणजे मासा फसावा म्हणून गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेला खोटा किडा, आणि निम्फ हा तिचाच एक प्रकार. फ्लाय बांधायला लागलो तेव्हा सुरुवातीच्या सगळ्या निम्फ माझ्या एकाच जागी अडायच्या. शेवटची गाठ मारायची वेळ आली की मण्याच्या मागे जागाच शिल्लक नसायची, मग दोरा मण्यावर चढायचा, घसरायचा आणि सगळं सैल पडायचं. बरेच दिवस मी गाठीचीच प्रॅक्टिस करत बसलो, पण गाठीत काही चूक नव्हतीच, चूक व्हायची ती पहिल्या दहा-पंधरा वेढ्यांत आणि कळायची अगदी शेवटी. म्हणून हा लेख वाचताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा: मण्याच्या मागची जागा जपायची. बाकी सगळं हाताला सवयीने येतं.

आधी थोडं निम्फबद्दल. मेफ्लायसारखे किडे त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली काढतात, पंख फुटून वर यायच्या आधीची ती अवस्था म्हणजे निम्फ. ट्राउट या माशाचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं, त्यामुळे तळाजवळ वाहत जाणारी निम्फ त्याला रोजच्या ओळखीची असते. आपण बांधणार आहोत ती फेझंट टेल, म्हणजे फेझंट या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची निम्फ. ही मूळ फ्रँक सॉयर यांची. ते इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीवर रिव्हर कीपर होते, म्हणजे नदी आणि तिच्यातले मासे सांभाळणं हेच त्यांचं काम. त्यांनी दोरा वापरलाच नाही, दोऱ्याच्या जागी बारीक तांब्याची तार वापरली, तीच बांधायला आणि तीच वजनाला. आणि त्यांच्या निम्फला पाय नव्हते, कारण पोहताना निम्फ पाय अंगाशी घेते हे त्यांनी नदीत बघितलेलं होतं. पुढे अमेरिकेत ॲल ट्रॉथ यांनी तिला मोरपिसाच्या तंतूंची छाती आणि पाय दिले. मणी त्यानंतर आला, पण काम तेच, फ्लाय लवकर खाली न्यायची.

१. काय काय लागेल

हत्यारं:
- व्हाइस, म्हणजे गळ पकडणारा शिकंजा. साधा चालतो, फिरणारा नसला तरी काही अडत नाही, पण जबडा घट्ट हवा
- बॉबिन, दोऱ्याचं रीळ धरणारं. नळीचं तोंड गुळगुळीत हवं, सिरॅमिकचं मिळालं तर उत्तम
- बारीक टोकाची धारदार कात्री
- दाभण किंवा जाड सुई
- हॅकल प्लायर, म्हणजे छोटा स्प्रिंगचा चिमटा
- व्हिप फिनिशर, शेवटची गाठ मारायचं हत्यार, नसेल तर बॉलपेनची रिकामी नळी

सामान:
- १४ नंबरचा निम्फचा गळ
- २.८ मिलिमीटरचा पितळी मणी
- ७० डेनिअरचा (डेनिअर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) तपकिरी किंवा काळा दोरा
- नर फेझंटच्या शेपटीचं मधलं पीस
- बारीक तांब्याची तार
- सशाच्या केसांचं डबिंग, म्हणजे दोऱ्यावर पिळून गुंडाळायचे सुटे केस
- थोडं मेण, आणि गाठ पक्की करायला हेड सिमेंट किंवा रंग नसलेलं नेलपॉलिश

गळाच्या नंबरात नवीन माणूस हमखास गोंधळतो, नंबर वाढला की गळ लहान होतो, म्हणजे १८ हा १४ पेक्षा बारीक. सुरुवात १४ नेच करा, १२ पण चालेल. सुरुवातीलाच १८ घेऊन बसू नका, हात बसायच्या आधी डोळेच दमतात. मण्याचं माप गळावर ठरतं, १६ ला साधारण २.४, १४ ला २.८, १२ ला ३.२ किंवा ३.३ मिलिमीटर. मणी फार मोठा घेतला तर गळाचं टोक आणि दांडा यांच्यातली मोकळी जागा झाकली जाते आणि मासा गळाला नीट लागत नाही, शिवाय भोक मोठं असेल तर मणी गळाच्या आयवरून (तंगूस बांधायच्या कडीवरून) सरळ निघून जातो.

पितळ की टंगस्टन, हा प्रश्न सगळे विचारतात. टंगस्टनची घनता १९.३, पितळेची साधारण ८.५, म्हणजे त्याच मापाचा मणी दुपटीहून जड. खोल, वेगवान पाण्यात फरक लगेच कळतो. पण टंगस्टन महाग, आणि पहिल्या दहा-वीस फ्लाय बऱ्याचदा परत सोडवून गळ-मणी काढून घ्यावे लागतात, म्हणून आधी पितळेवर शिका. आणखी एक, खाच असलेला टंगस्टन मणी वेगळा असतो, तो वाकड्या आयच्या जिग गळासाठी असतो, साध्या गळावर तो नीट बसत नाही. खरेदी करताना पाकीट वाचून घ्या.

२. बार्ब दाबा आणि मणी ओवा

गळाच्या टोकामागे जो छोटा उलटा काटा असतो, तो बार्ब, तो सपाट चिमट्याने आधीच दाबून टाका. दोन कारणं आहेत. बार्ब नसला की मणी सहज सरकतो, आणि मासा सोडताना त्याला इजा कमी होते. हे काम सगळ्यात आधीच करायचं कारण गळाचं स्टील कडक असतं, कधीकधी दाबताना टोकच तुटतं, आणि पूर्ण बांधलेल्या फ्लायचं टोक तुटलं की खूप वाईट वाटतं. दाबताना चष्मा घाला, साधा असला तरी चालेल, तुकडा कुठेही उडतो.

आता मणी नीट निरखून बघा. एका बाजूचं भोक बारीक आणि दुसऱ्या बाजूचं वाटीसारखं पसरट असतं. गळाचं टोक बारीक भोकातून आत घालायचं, म्हणजे मणी सरकत आयपर्यंत गेला की बारीक भोक आयकडे आणि वाटी मागे येते. उलटा ओवलात तर मणी आयवर चढतो आणि मागे दोरा दडवायला वाटीही मिळत नाही. ओवताना गळ टेबलावर न ठेवता चिमट्यात धरा, मणी बोटाच्या ओल्या टोकावर चिकटवून उचलला की पडत नाही. खाली पांढरा कागद किंवा टॉवेल अंथरा, पडलेला मणी लगेच सापडतो.

गळ व्हाइसमध्ये आडवा पकडा, दांडा जमिनीला समांतर, जबड्यात फक्त गळाचं वळण. टोक जबड्याच्या बाहेर राहिलं तर दोरा त्याला घासून तुटतो, तेव्हा सांभाळून.

३. दोऱ्याची सुरुवात

मण्याच्या लगेच मागे दोरा दांड्यावर धरा, चार-पाच वेढे मागे घ्या आणि मग तेच वेढे स्वतःवरून पुढे आणून दोरा अडकवा, उरलेलं टोक कापा. वेढा नेहमी आपल्यापासून लांब, वरून पलीकडे. डावरे असाल तर सगळं उलट धरा. बॉबिनची नळी गळापासून तीन-चार सेंटिमीटरवर ठेवा, जास्त लांब दोरा सोडला की वेढा नेमका कुठे पडतोय यावर ताबाच राहत नाही.

आता जागा ठरवून घ्या. मण्याच्या मागचा दांडा मनातल्या मनात तीन भागांत वाटा. मागचे दोन भाग अंगाचे, पुढचा एक छातीचा, आणि त्या छातीतलीच मण्याला लागून असलेली चार वेढ्यांची पट्टी शेवटच्या गाठीची. सुरुवातीच्या प्रत्येक फ्लायला मी तिथे मार्करने बारीक खूण करायचो आणि छाती भरायची वेळ येईपर्यंत काहीही झालं तरी तिच्यापुढे जायचं नाही असं ठरवलेलं होतं, खरं सांगायचं तर त्या खुणेनेच माझं काम सुधारलं.

मणी पक्का बसावा म्हणून काही जण मागे शिसं नसलेल्या तारेचे पाच-सहा वेढे घेऊन ते मण्याच्या वाटीत ढकलतात. वजनही वाढतं आणि मणी हलत नाही. तुम्हीही करा, पण शिशाची तार नको. शिशाची छोटी वजनं गिळून हंस मरायचे म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ साली मासेमारीच्या त्या वजनांवर बंदी आली. शिसं विषारीच, आपल्या हातालाही नको. पहिल्या पाच-सहा फ्लायना तर ही तार वगळलीत तरी चालेल.

दोरा आता एकाला एक लागून असे सपाट वेढे घेत मागे न्या, गळाचं वळण सुरू होतं तिथपर्यंत. वेढे घेत गेलं की दोऱ्याला आपोआप पीळ चढतो आणि तो गोल, जाड होतो, बॉबिन लटकू द्या आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पीळ सुटून दोरा परत पट्टीसारखा होतो. सपाट दोरा म्हणजे बारीक अंग.

४. शेपूट आणि चिमटीतला वेढा

फेझंटच्या पिसाचे सहा-सात तंतू घ्या. मधल्या दांडीला काटकोनात ताणून धरले की त्यांची टोकं आपोआप एका रेषेत येतात, तसेच धरून बुडाशी कापा. कापल्यावर टोकं सारखी करत बसलात तर ती अजून बिघडतात.

शेपटीची लांबी दांड्याच्या निम्मी. नवीन माणूस हमखास लांब ठेवतो कारण हातात धरल्यावर ती आखूड वाटते, तेव्हा गळाशेजारी धरून मोजा आणि मोजलेली जागा बोटाच्या चिमटीत तशीच धरून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची हातोटी. तंतू दांड्यावर धरलेत आणि सरळ दोरा ओढलात तर दोरा त्यांना आपल्यासोबत पलीकडे घेऊन जातो आणि शेपूट दांड्याच्या बाजूला जाऊन बसतं. त्यासाठी दोरा वर न्या, आणि तंतूंसकट तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्या, वर एक सैल फास राहू द्या, मग दोरा पलीकडून खाली आणून परत त्याच चिमटीत घ्या आणि चिमटी न सोडता सरळ खाली ओढा. फास तंतूंवर वरून बसतो आणि ते जागचे हलत नाहीत. असे दोन-तीन वेढे घेतल्यावरच चिमटी सोडा. शेपूट, विंग केस, पुढे कुठलीही फ्लाय, सगळीकडे हाच वेढा लागतो, त्यामुळे रिकाम्या गळावर थोड्या ब्रशच्या केसांनी पंधरा-वीस वेळा नुसता हाच करून बघा, अर्धा तास गेला तरी तो वाया जाणार नाही.

शेपूट बांधलं की उरलेले तंतू कापायचे नाहीत, त्यांचंच अंग करायचं आहे.

५. तार आणि अंग

शेपटीच्या मुळाशी तांब्याची तार बांधा, तिचं टोक दांड्याच्या बाजूने पुढे छातीच्या रेषेपर्यंत झोपवून त्यावर दोरा न्या. मुळाशीच कापली तर तिथे ढेकूळ येतं आणि अंग मधूनच फुगतं. दोरा छातीच्या रेषेला आणून थांबवा.

तंतू चिमट्यात एकत्र धरा आणि पुढे गुंडाळत चला, एक वेढा दुसऱ्याला लागून. फार ताण देऊ नका, फेझंटचा तंतू नाजूक असतो. छातीच्या रेषेला दोऱ्याचे तीन घट्ट वेढे देऊन उरलेले तंतू कापा.

मग तार, आणि ती उलट दिशेने. तंतू पलीकडे गुंडाळले तर तार आपल्याकडे. त्याच दिशेने गेलात तर तार तंतूंच्या फटीत बुडते आणि काहीच धरत नाही, उलट गेलात तर ती प्रत्येक तंतूला ओलांडून दाबते. ट्राउटला बारीक दात असतात, तारेशिवायची फेझंट टेल दोन-तीन माशांत उसवते, तारेची कितीतरी जास्त टिकते. चार किंवा पाच वेढे, सारख्या अंतराने. जवळून बघितलं तर तांबूस अंगावर खंड पडल्यासारखे दिसतात, कडेला तंतूंची बारीक लव उभी राहते, आणि खऱ्या निम्फच्या अंगाच्या कडेलाही कल्ले असेच हलत असतात. मला या फ्लायमधलं सगळ्यात आवडणारं काम हेच.

तार बांधली की कात्रीच्या टोकाने कापू नका, टोकाची धार जाते. तार हलक्या हाताने पुढे-मागे वळवत राहा, ती बांधल्या जागीच तुटते आणि टोचणारं टोकही राहत नाही.

६. विंग केस

निम्फच्या पाठीवर पंख दुमडून असतात तो गडद फुगीर भाग म्हणजे विंग केस. त्याच पिसाचे आठेक तंतू घ्या, टोकं मागच्या दिशेला ठेवून ते अंगावरून मागे झोपवा आणि बुडखे छातीच्या रेषेला बरोबर वर बांधा. इथेही तोच चिमटीतला वेढा. बुडखे कापताना मण्यामागच्या खुणेकडे बघा, एकही तंतू तिच्यापुढे जाता कामा नये.

पाय मी तुम्हाला मुद्दाम करायला सांगत नाहीये. सॉयर यांच्या निम्फला ते नव्हतेच, आणि नव्या माणसाच्या हातून पाय बांधताना मण्यामागे हमखास गर्दी होते. सशाच्या केसांची छातीच पायांचं काम करते.

७. छाती

दोऱ्यावर मेण अगदी हलकंसं फिरवा. डबिंगची चिमूट घ्या आणि तिचा निम्मा भाग परत पिशवीत ठेवा, आणि हे मी मनापासून सांगतोय, जवळजवळ प्रत्येक नवी निम्फ डबिंग जास्त झाल्यानेच बिघडते. केस दोऱ्यावर ठेवून बोटांनी एकाच दिशेने पीळ द्या, पुढे-मागे घोळलंत तर जेवढा पीळ दिलात तेवढा सुटतो. दोऱ्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा बारीक, जेमतेम दिसणारा काकडा तयार झाला की बास.

तीन-चार वेढे घेऊन छाती भरा. अंगापेक्षा जाड आणि मण्यापेक्षा बारीक अशी दिसली पाहिजे. केस थोडे उभे, विस्कटलेले राहिले तर चांगलंच, पाण्यात ते हलतात आणि निम्फ जिवंत वाटते. मोरपिसाच्या तंतूंची छाती करायची असेल तर दोन तंतू दोऱ्याला पीळ देऊन गुंडाळा, हिरवट चमक फार सुंदर येते, पण नुसता तंतू लवकर तुटतो.

डबिंगनंतर मणी आणि छाती यांच्यात उघडा दोरा दिसला पाहिजे, चार वेढ्यांची ती पट्टी. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, एक वेढा सोडवा आणि केस कमी करा.

८. विंग केस पुढे ओढा

मागे झोपलेले तंतू छातीवरून सरळ पुढे आणा, थोडे ताणून धरा आणि मण्यामागच्या पट्टीवर दोऱ्याचे दोन वेढे द्या. वरून बघा, तंतू मधोमध आहेत का, एका बाजूला कलले असतील तर आत्ताच सरळ करा. मग आणखी दोन घट्ट वेढे, आणि तंतू दोऱ्याला लागून कापा. कापताना दोरा खाली लटकता ठेवा आणि कात्री वरून न्या. या टप्प्यावर दोरा कापला गेला की पूर्वी मी सगळी फ्लाय सोडवायचो, पण तसं करायची काही गरज नसते. तुटलेलं टोक हॅकल प्लायरने पकडून लटकू द्या, त्यावरून नवीन दोरा सुरू करा आणि दोन्ही टोकं मागाहून कापा.

९. व्हिप फिनिश

या गाठीत दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली दाबला जातो, एवढं समजलं की हत्यार हातात सुचायला लागतं. दोऱ्याचा एक भाग दांड्याला समांतर झोपवायचा आणि दुसऱ्या भागाने, म्हणजे फासाच्या बाजूने, त्यावरून चार-पाच वेढे घ्यायचे, सगळे मण्यामागच्या पट्टीवर. शेवटी फास दाभणावर धरून, दाभणाने ताण ठेवत ठेवत, बॉबिनचा दोरा हळू ओढा, फास लहान होत वाटीत नाहीसा होतो. ताण मध्येच सुटला तर वेढे सैल पडतात, म्हणून दाभण अगदी शेवटी काढा.

जमत नसेल तर बॉलपेनच्या नळीवर दोऱ्याचा एक फास घ्या, दोरा स्वतःलाच ओलांडून खाली दाबला गेला पाहिजे. नळीचं तोंड मण्यावरून घालून फास मागे सरकवा आणि ओढा. असे चार फास पुरतात, दिसायला तितकं नीटस नसतं पण धरतं पक्कं.

दोरा कापा, सुईच्या टोकावर नेलपॉलिशचा एक थेंब घेऊन फक्त गाठीवर लावा. डबिंगला लागला तर केस चिकटून कडक होतात आणि छातीची सगळी हालचाल जाते.

१०. पाण्यात टाकायच्या आधी

नखाने मणी फिरवून बघा, गरगर फिरत असेल तर मागे दोरा कमी पडलाय. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं सरकवा, घसरलं तर बोथट आहे, अडकलं तर धार आहे. मग ग्लासभर पाण्यात फ्लाय सोडा आणि शांतपणे बघत बसा. आधी काही बुडबुडे छातीच्या केसांतून सुटतात, मग मणी खाली करून ती तिरकी उतरते, शेपूट वर, केस थोडे पसरलेले. कोरडी असताना गुबगुबीत वाटणारी फ्लाय ओली झाली की एकदम बारीक होते, आणि ट्राउटला ती तशीच दिसते, त्यामुळे छातीत किती डबिंग हवं याचा अंदाज ग्लासातच येतो.

एका बैठकीत एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या सहा तरी बांधा. रंग आणि साइझ बदलत राहिलात तर कुठे चुकतंय तेच कळत नाही. सहा शेजारी शेजारी ठेवल्या की शेपूट कुठे लांब झालं, कुठल्या छातीने पट्टी खाल्ली, सगळं दिसतं.

फेझंटचं पीस आणि सशाचे केस झिपच्या पिशवीत बंद ठेवा, कसर लागली की सगळा साठा जातो. नवीन आणलेलं पीस आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मगच बाकीच्यांत मिसळा. वापरलेली फ्लाय ओली डबीत ठेवू नका, गळ गंजतो आणि शेजारच्या फ्लायनाही डाग पडतात.

नदीवर गेल्यावर तंगूस प्रवाहाच्या वेगानेच वाहू द्या, ओढू नका. फ्लाय अधूनमधून तळाला टेकली पाहिजे. प्रत्येक वेळी दगडात अडकत असेल तर हलका मणी लावा, एकदाही टेकत नसेल तर टंगस्टन. आणि टंगस्टनच्या बांधायला लागलात की त्यांची शेवटची गाठ लाल दोऱ्याने मारा, कारण डबीत पितळी आणि टंगस्टनचा मणी दिसायला सारखाच असतो.